गुरुवारचा डबा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावर राग भाडेकरू नाही, घरमालक आहे. तेव्हा सांगता सांगता माझा आवाज चढला तर चढू द्या. चढायला कारण आहे.

बारावीनंतर नागपूरला माझा नर्सिंगला नंबर लागला होता. बाबा म्हणाले, इतकं शिकवलं ते काय लोकांची बेडपॅन उचलायला? झालं, विषय संपला. मी बीएस्सी केलं, लग्न केलं, विवेकच्या मागे टेक्सासात अर्विंगला आले, दोन लेकरं वाढवली. चाळिशी दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा एक दिवस कम्युनिटी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि आत जाऊन विचारलं, माझ्यासारखीला नर्सिंगला घेता का? खिडकीतली बाई म्हणाली, घेऊ की, पण रांग मोठी आहे. मी म्हटलं, बाई, मी बारावीपासून रांगेतच आहे.

रांग म्हणजे काय, तर आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असले सगळे विषय काढायचे, तेही ए ग्रेडने. एका बीने तुमचे पॉइंट खाली येतात. मग एंट्रन्स. मग पॉइंट बघून मोजक्या सीटा. घरी आमच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली एक टेबल होतं, त्यावर मुलांचा होमवर्क चालायचा. ते मी मुलांकडून काढून घेतलं. विवेक आधी हसला, मग कुकर लावायला शिकला. चांगला माणूस आहे, फक्त जरा उशिरा चालू होतो.

हिमानी मला अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात भेटली. पुण्याची, माझ्याहून बरीच लहान, आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मागच्या बिल्डिंगला राहणारी. पहिल्याच आठवड्यात हाडांची नावं बघून तिला रडू फुटलं. म्हणाली, ताई, मी ड्रॉप करते, हे माझ्याच्याने होत नाही. मी म्हटलं, गप बस, कसं होत नाही ते बघते. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून मी तिला एकेक हाड पाठ करायला लावलं. मनगटातली हाडं ती स्वतःच्या मनगटावर पेनाने काढायची आणि मग त्याच हाताने कोथिंबीर निवडायची. दुकानातला माणूस आमच्याकडे संशयाने पाहायचा.

आमच्यात एक स्टीलचा डबा फिरायचा. मुळात कोणाचा होता ते आता दोघींनाही सांगता आलं नसतं. तिची परीक्षा असली की माझ्याकडून सांबारवडी, म्हणजे आमची नागपुरी कोथिंबीरवडी, जायची, माझी असली की तिच्याकडून साबुदाण्याची खिचडी यायची. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही तर आपल्याकडची रीतच. एका परीक्षेच्या आठवड्यात दोघींच्याही घरी धड काही शिजलं नव्हतं, तेव्हा तिने डब्यात गुळाचा एक खडा घालून पाठवला होता. मला इतकं हसू आलं होतं त्या खड्याचं. पण डबा रिकामा आला नव्हता.

दोघींचाही नंबर लागला. ती माझ्या गळ्यात पडून रडली. ताई, तू नसतीस तर मी कुठे असते, म्हणाली. आता वाटतं, खरंच, कुठे असतीस गं?

क्लिनिकल सुरू झालं, म्हणजे खऱ्या हॉस्पिटलात खऱ्या पेशंटवर शिकणं. आमच्या गटाच्या बाई मिसेस ओकाफोर, नायजेरियाच्या, उंच, त्यांच्या कपड्याला कधी सुरकुती दिसायची नाही. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला वॉर्डाच्या दाराशी उभं केलं आणि सांगितलं, पेशंटचं नाव या दारातून बाहेर गेलं तर त्याच्या मागोमाग तुम्ही जाल. परत येताना गाडीत आम्ही दोघी हसलो होतो. आपल्या लोकांना हे जमायचं कसं? आपल्याकडे ऑपरेशन थिएटरबाहेर अख्खी कॉलनी बसलेली असते, त्यातल्या निम्म्यांना पेशंटचं नावही माहीत नसतं. हसलो, पण नियम पाठ केला. मीच तिच्याकडून पाठ करून घेतला. आपल्याच गटातल्या विद्यार्थिनीशी कामाबाहेर पेशंटबद्दल बोललात तर वॉर्निंग. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर सीट गेली. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटचं सेमिस्टर होतं. मे महिन्यात संपलं असतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, तो राधिका काकू चालवतात. कुणाची डिलिव्हरी झाली, कुणाचं ऑपरेशन झालं, की काकू ग्रुपवर वार लावतात. सोमवार कोणाचा, मंगळवार कोणाचा, असे डबे ठरतात आणि पंधरा दिवस त्या घरी चूल पेटवावी लागत नाही. या देशात आपलं माणूस नसतं, त्यामुळे ही गोष्ट फार मोठी आहे. माझ्या धाकट्याच्या वेळी मीही ते डबे खाल्लेत. नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

एका बुधवारी संध्याकाळी ग्रुपवर आलं की सुजाता काकू अ‍ॅडमिट आहेत, छोटंसं ऑपरेशन झालंय, हॉस्पिटलचं जेवण घशाखाली उतरत नाही, तर डबे लावूया. खाली हॉस्पिटलचं नाव आणि मजला. सुजाता काकू म्हणजे रामभाऊ काकांच्या मिसेस, मंडळातली सगळ्यात जुनी माणसं. मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा थंडीत कुडकुडताना बघून त्यांनी अंगावरचा कोट काढून मला दिला होता. मी लगेच लिहिलं, गुरुवार माझा. हॉस्पिटल आमचंच होतं, पण मी दुसऱ्या मजल्यांवर काम करत होते. मला शंका यायचं कारणच नव्हतं. ग्रुपवर आलं म्हणजे घरच्यांनी कळवलं असणार. आपल्याकडे असंच असतं ना?

गुरुवारी कॉलेजची लॅब उशिरा सुटली. घरी जाऊन कपडे बदलत बसले तर खिचडी गार होईल, म्हणून युनिफॉर्ममध्येच, बॅजसकट, हातात डबा घेऊन मी वर गेले. मुगाची खिचडी आणि कढी. रामभाऊ काकांनी दार उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बॅजकडे पाहिलं. आत सुजाता काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुला कोणी सांगितलं?" काका म्हणाले.

मी म्हटलं, ग्रुपवर आलं ना. काकांना कसला ग्रुप ते माहीतच नव्हतं. त्यांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेतलं आणि दार लावलं. मजल्यावरची पाटी मी तेव्हा नीट वाचली. कॅन्सरचा मजला होता. काका हळू आवाजात म्हणाले की मुलीचं लग्न ठरत आलंय, मुलाकडच्यांना यातलं काही माहीत नाही, आम्ही देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी डबा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलकडे तक्रार केली. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. कॉलेजच्या युनिफॉर्ममधली बाई अख्ख्या मंडळाला कळलेल्या आजारावर खिचडी घेऊन दारात येते, माणूस काय समजेल?

मिसेस ओकाफोरांनी मला बोलावलं. मी निवांत गेले. मी ना त्या काकूंची फाइल उघडली होती, ना त्यांच्या मजल्यावर काम केलं होतं. पाच मिनिटांत मिटेल असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, त्या पेशंटला नेमलेल्या विद्यार्थिनीने कबूल केलंय. सकाळी गाडीत तिने तुला सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस असंही बजावलं.

गाडीत माझ्यासोबत एकच जण असायची.

बाप्पा, मला आधी काही कळेचना. हिमानी सुजाता काकूंची नर्स होती, हेच मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा समजलं. तिने मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात ती गाडीत गप्प असायची, मला वाटलं झोप झाली नसेल. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर तिनेच सांगितलं होतं. आणि आता मध्ये मला घातलं, की तिला वॉर्निंग आणि मला घरचा रस्ता. नियम मीच पाठ करून घेतला होता ना!

मी ओरडले. खोटं आहे, म्हटलं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. मिसेस ओकाफोरांनी तेही पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ग्रुपवर ज्या बाईंनी लिहिलं त्यांना कोणी सांगितलं? त्यांनी येऊन तुझं नाव नाही एवढं सांगितलं तर मी ऐकेन. पुढच्या आठवड्यात समितीपुढे सुनावणी आहे, तिथे त्यांना घेऊन ये. बाई कडक होत्या, पण त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

मी तशीच राधिका काकूंकडे गेले. त्या ओट्याशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या. मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, अगं हो, हिमानीचाच फोन होता. रडत होती बिचारी. सुजाता काकू ट्रे जसाच्या तसा परत पाठवतात, ती जेली आणि गार सँडविच कोण खाणार, काहीतरी करा, म्हणाली. म्हणून मी डबे लावले. यात कुणाचं काय वाईट झालं, मला तर कळतच नाही.

इथपर्यंत मला हिमानीचा रागही आला नसता हो. उपाशी म्हातारी बघून पोरीचं आतडं तुटलं असेल. माझंही तुटलं असतं आणि कदाचित मीही फोन केला असता. आपण सगळ्या त्याच मातीच्या. आजारी माणूस दिसला की आधी मुगाची डाळ धुवायला घेतो, नियम नंतर आठवतात. पण त्या चुकीनंतर जे केलं, ते?

मी म्हटलं, काकू, एवढंच कॉलेजला येऊन सांगा. माझं नाव नव्हतं एवढंच.

त्यांनी मेथीची एक जुडी संपवली, दुसरी घेतली. मग सांगायला लागल्या की संग्रामची, म्हणजे हिमानीच्या नवऱ्याची, नोकरी गेलीय. पोर लहान आहे. तिची सीट गेली तर घर बसेल. तुझं तसं नाही, विवेक कमावतोय, मुलं मोठी झाली, तुझं काय, तू हौस म्हणून करतेस. हौस! बारावीपासूनची माझी हौस. पण अजून मला त्या समितीपुढे यायला हव्या होत्या. मी राग गिळला, आणि माझा राग गिळणं म्हणजे काय ते मला माहीत.

"हे बघ अस्मिता," त्या म्हणाल्या, "शेवटी ती आपल्यातली मुलगी आहे."

"आणि मी कोण आहे, काकू?"

त्यांनी मेथी बाजूला सारली. मग त्या म्हणाल्या, चहा ठेवू का? इतकी वर्षं मी त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या, गणपतीत त्यांच्याकडे मोदक वळले, त्यांच्या नातवाला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसले. त्या सगळ्या वर्षांचं उत्तर चहा. मी चपला घातल्या आणि निघाले.

हिमानी तिच्या बिल्डिंगखाली गाडीत बसलेली सापडली, पोराला शाळेतून आणून नुकतीच आलेली. मला बघून तिने काच खाली केली नाही. मी तिथेच उभी राहिले. शेवटी करणार काय, उतरली.

"ताई, मी खूप घाबरले होते," ती म्हणाली. "मला वाटलं तुला पण वॉर्निंगच देतील."

"नियम कोणी पाठ करून घेतला तुझ्याकडून?"

ती रडायला लागली. तिला रडू पहिल्यापासून लवकर येतं, मला माहीत आहे, त्याच रडण्यावर मी तिला हाडं शिकवली होती. मी म्हटलं, अजून वेळ आहे, समितीपुढे खरं सांग, मी तुझ्यासोबत उभी राहीन, तुझी पहिली चूक आहे, मी हात जोडीन तुझ्यासाठी. खरंच जोडले असते. ती म्हणाली, "तू स्ट्राँग आहेस ताई. तू परत करशील. माझ्याच्याने नाही होणार." आणि पोराचा हात धरून वर गेली.

म्हणजे मी स्ट्राँग आहे, म्हणून मला बुडवायचं. काय न्याय आहे!

सुनावणीला राधिका काकू आल्या नाहीत. मी ग्रुपवरचा त्यांचा मेसेज दाखवला. समितीने विचारलं, पण यांना कोणी सांगितलं? सुजाता काकूंकडे जायला मला बंदी होती, आणि बंदी नसती तरी त्या टाके घातलेल्या बाईच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? हिमानी हळू आवाजात बोलली, रुमाल डोळ्याला लावून बोलली. मी बोलायला उठले आणि माझा आवाज चढला. विवेकने घरून बजावून पाठवलं होतं, शांत राहा, शांत राहा. नाही राहता आलं. जो रडतो तो खरा वाटतो आणि जो ओरडतो तो चोर. मिसेस ओकाफोर माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं असावं असं मला वाटतं, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. मी साक्षीला माणूस आणू शकले नव्हते.

सीट गेली. दुसऱ्या कॉलेजात विचारलं तर ते म्हणतात, आधीच्या कॉलेजातून चांगल्या वर्तणुकीचं पत्र आणा. ते पत्र मला कोण देणार? पेशंटची गुपितं फोडणारी बाई म्हणून माझ्या नावावर शिक्का बसला, आणि गुपित मला माहीतच नव्हतं. विवेक म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, कुठे जाऊ देऊ? तो बिचारा कुकर लावायला गेला.

मी टेबलाशी बसायचं सोडलं. युनिफॉर्म धुऊन, घडी करून, वरच्या कप्प्यात टाकला. धाकटा एकदा म्हणाला, मम्मा, आर यू नॉट अ नर्स एनीमोर? त्याला मी काय सांगू? कधी झालेच नव्हते रे बाबा.

आणि मग ग्रुपवर काय यावं? अस्मिताची तब्येत बरी नाही, जरा खचलीये, डबे लावूया. राधिका काकूंनीच लिहिलं होतं. माझी तब्येत ठणठणीत होती. खाली बायकांनी जोडलेले हात, फुलं, बदाम असली चित्रं टाकली आणि पटापट वार घेतले. मी फोन सोफ्यावर फेकला. पहिला वार कोणाचा आहे ते मी पाहिलं नव्हतं.

दुपारी बेल वाजली. दारात हिमानी. क्लिनिकलवरून थेट आली होती, युनिफॉर्ममध्ये, बॅजसकट. हातात आमचा तोच स्टीलचा डबा.

"खिचडी-कढी आहे," ती म्हणाली. "तुला आवडते ना."

मी डबा घेतला. अन्नाला नाही म्हणायची सवय नाही मला, आणि अन्नाचा काय दोष? मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. सांगते म्हणेल, उद्या जाऊन सगळं सांगते. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. एवढं होऊनसुद्धा, त्या दारात उभी राहून मी वाट बघत होते. ती पायाने पायपुसणं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "ताई, ती तुझी फार्माकॉलॉजीची कार्डं. फायनल जवळ आलीये. तुला आता लागणार नाहीत ना?"

ती कार्डं मी दोन वर्षं लिहिली होती. एकेका औषधाला एकेक कार्ड, लाल पेनाने धोके, हिरव्याने डोस, आणि हिमानीला लक्षात राहावं म्हणून कोपऱ्यात मराठीत काहीबाही गमती. टेबलावरच होती, फोटोखाली, रबर लावून. तिला दारातून दिसत होती.

मी म्हटलं, थांब जरा.

स्वयंपाकघरात गेले. खिचडी माझ्या पातेल्यात काढली, कढी दुसऱ्या भांड्यात. डबा घासला. आतून, बाहेरून, झाकणाच्या कडेला चिकटलेली शितं नखाने काढून. ओट्यावर साखरेचा डबा होता, गुळाची ढेप होती, डाळ, पोहे, सगळं होतं. फडक्याने डबा कोरडा पुसला, झाकण लावलं आणि नेऊन तिच्या हातात दिला.

तिने दोन्ही हातांनी घेतला आणि तिचे हात एकदम वर आले, वजनच नव्हतं ना. ती डब्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"ताई, रिकामा देतेयस?"

"धुतलाय," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.